दादरचा पर्यावरण कायद्याचा सायंवर्ग : एक अभिप्राय

दादरला भरणाऱ्या या वर्गाला मी चार आठवडे नियमित गेले. संघराज्यात कायदा कसा घडतो, हे तेथे फार नेमके उलगडले : पाणी हा राज्यांचा विषय असल्याने १९७४ चा जलप्रदूषण कायदा संसदेला राज्यांच्या ठरावांनंतरच करता आला, तर भोपाळ दुर्घटनेनंतरचा १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय पर्यावरण परिषदेतील निर्णयांच्या आधारे, राज्यांच्या ठरावांविनाच झाला. त्याच कायद्याखालील १९९१ च्या अधिसूचनेने किनाऱ्यावरील बांधकामांवर बंधने आली. माहीमच्या खाडीजवळ राहणाऱ्या मला हा भाग विशेष जिव्हाळ्याचा वाटला. एकपक्षीय चीनमध्ये २०१५ पासून अमलात आलेल्या सुधारित पर्यावरण कायद्याला मात्र जेमतेम दहा मिनिटे मिळाली, हे खटकले. टिपणे मराठीत आहेत आणि शिक्षिका कोणताही प्रश्न टाळत नाहीत.