सेंट गालनमधलं ब्रूलचं सीझन कार्ड, पूर्ण एक सीझन वापरल्यानंतर

एससी ब्रूल या स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालनच्या फुटबॉल क्लबचं सीझन कार्ड, म्हणजे घरच्या सगळ्या मॅचचा पास, घेतलं ऑगस्ट २०२४ मधे, मेअखेर सीझन संपला, आता जून २०२५ चालू आहे आणि शनिवारी संध्याकाळी काय करायचं हा प्रश्न पडायला लागलाय म्हणून लिहायला बसलो. इथल्या आपल्या ओळखीतल्या दोघातिघांनी विचारलं होतं की ते तिसऱ्या डिव्हिजनचं कार्ड घेण्यासारखं आहे का, पोरं घेऊन जाता येतं का, जर्मन येत नसेल तर कंटाळा येईल का. फोनवर अर्धवट उत्तरं दिली, आता नीट सांगतो.

आधी हे काय आहे ते. स्वित्झर्लंडमधे सगळ्यात वर सुपर लीग, १२ टीम. त्याखाली चॅलेंज लीग, १० टीम. त्याखाली प्रमोशन लीग, १८ टीम, आणि एससी ब्रूल ही सेंट गालनची टीम या तिसऱ्या पायरीवर खेळते. प्रत्येक टीमबरोबर घरी एक आणि बाहेर एक, म्हणजे ३४ मॅच, त्यातल्या १७ घरच्या. पहिला नंबर येणारी टीम वर जाते. गावात दुसरा क्लब आहे एफसी सेंट गालन, १८७९ चा, देशातला सगळ्यात जुना, त्यांचं मोठं स्टेडियम आहे, हजारो लोक हिरवे-पांढरे स्कार्फ घालून जातात. मी पण जाऊन आलोय, भारीच असतं ते, पण तिथं मी प्रेक्षक होतो. ब्रूलला मी काय होतो ते पुढं सांगतो.

मी कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. हे सांगणं गरजेचं आहे कारण फुटबॉल म्हटलं की माझ्या डोक्यात शाहू स्टेडियम येतं, पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ, दुपारपासून भरलेल्या पायऱ्या, शिट्ट्या, आणि मॅच संपल्यावर रात्री पेठेत तीच मॅच परत तोंडाने खेळायची. आमच्याकडं टीम म्हणजे तालीम, तालीम म्हणजे गल्ली, आणि गल्ली म्हणजे घर. सेंट गालनला येऊन तीन वर्षं झाली होती, नोकरी चांगली, शेजारी चांगले, सगळं वेळेवर, पण आपलं म्हणावं असं एक ठिकाण नव्हतं जिथं नाही गेलो तर कुणीतरी विचारेल की काय रे आला नाहीस. माझ्यासाठी कार्डाचं मुख्य कारण हेच होतं, फुटबॉल त्याच्या नंतर.

ग्राउंड शहराच्या पूर्वेला आहे, सेंट फिडन स्टेशनवरून चालत जाता येतं. एका बाजूला छपराचा स्टँड, बाकी ठिकाणी उघड्यावर उभं राहायचं, रेलिंगला टेकून, आणि रेलिंगपासून टचलाईन इतकी जवळ की थ्रो घ्यायला आलेल्या प्लेअरचा श्वास ऐकू येतो. पब्लिक माझ्या अंदाजाने तीन-चारशे, कधी त्याहून कमी.

ग्राउंडचं नाव पाउल ग्रूनिंगर स्टेडियम. पहिल्या दिवशी मला वाटलं कुणी जुना देणगीदार असेल. पुढं रेलिंगवर माझ्या शेजारी उभ्या राहणाऱ्या आजोबांनी सांगितलं, मग घरी येऊन रात्री वाचत बसलो. ग्रूनिंगर १९१५ साली ब्रूलने स्विस चॅम्पियनशिप जिंकली त्या टीममधे खेळलेले, क्लबची ती एकमेव चॅम्पियनशिप. पुढं ते सेंट गालन कँटनच्या (कँटन म्हणजे इथलं राज्य) पोलिसांचे कमांडंट झाले. ऑगस्ट १९३८ मधे सरकारने सीमा बंद केली, ऑस्ट्रियातून जीव वाचवून येणाऱ्या ज्यू लोकांना परत पाठवा असा हुकूम, आणि या माणसाने शेकडो लोकांना आत घेतलं, ते बंदीच्या आधीच आलेत असं दिसावं म्हणून कागदांवर मागच्या तारखा घातल्या. १९३९ मधे नोकरी गेली, मग कोर्टाने दोषी ठरवलं, पेन्शन गेलं, १९७२ मधे गरिबीतच वारले. कोर्टाने निकाल फिरवला तो १९९५ मधे. आता त्यांच्या नावाच्या ग्राउंडवर शनिवारी पोरं खेळतात. मी मुलाला हे सगळं गेटवरच्या पाटीखाली उभं राहून सांगितलं, तो आठ वर्षांचा आहे, त्याने एवढंच विचारलं की मग त्यांना सॉरी कोण म्हणालं. मला उत्तर देता आलं नाही.

आता खेळ. लेव्हल कशी आहे हे सगळे विचारतात. पास वेगात असतात, पोरं तब्येतीने तयार, पण फर्स्ट टच सुटतो, साठ मिनिटांनंतर मधली लाईन फाटते आणि मॅच एकदम उघडी होते, तिथून पुढं खरी मजा. बऱ्याच प्लेअर्सची दिवसा नोकरी किंवा शिक्षण चालू असतं आणि संध्याकाळी प्रॅक्टिस. टीव्हीवरचं फुटबॉल बघून सवय झालेल्याला पहिल्या दोन मॅच हळू वाटतील. तिसऱ्या मॅचपासून तुम्ही बॉल सोडून माणसं बघायला लागता.

आणि ऐकायला लागता. हा माझ्या दृष्टीने या कार्डाचा सगळ्यात मोठा फायदा. शाहू स्टेडियमवर आवाज इतका की प्लेअर एकमेकांना काय सांगतायत ते आम्हाला कधी कळलंच नाही. इथं मॅच ऐकू येते. गोलकीपर सतत बोलत असतो, कोण सुटलाय, मागं कोण आहे, बाहेर या, आत या. सेंटर बॅक चुकला की त्याला ओरडतो आणि पुढच्या मिनिटाला त्याने बॉल काढला की त्याचं नाव घेऊन शाबासकी देतो. पोस्टला बॉल लागल्याचा तो ठण्ण आवाज. कोच हाफटाईमला आत जाताना सहायकाला काय म्हणाला ते सुद्धा. एकदा मॅच चालू असताना कोल्हापूरला बाबांना व्हिडिओ कॉल लावला, त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, अरे आवाज बंद केलायस का तू? नव्हता केला.

भाषेची भीती असेल तर एक गंमत सांगतो. जर्मनीत गोलला टोर म्हणतात, कॉर्नरला एके, पेनल्टीला एल्फमेटर. स्वित्झर्लंडमधे असं नाही. इथं फुटबॉल इंग्रज लोकांमुळे लवकर आला, म्हणून तर क्लबांची नावं ग्रासहॉपर, यंग बॉइज अशी आहेत, आणि शब्द पण तेच राहिले. गोल म्हणजे गोल, गोलकीपर म्हणजे गोली, कॉर्नर, पेनल्टी, ऑफसाईड, फाऊल, मॅच, आणि हाताला बॉल लागला की सगळे हात वर करून ओरडतात हँड्स! पेठेत आम्ही हेच ओरडायचो. तीन वर्षं ऑफिसात स्विस जर्मन कानावर पडून पण परकं वाटायचं आणि इथं पहिल्याच दिवशी अर्धी वाक्यं कळली. खरं सांगतो, पहिल्यांदा हँड्स ऐकलं तेव्हा डोळ्यात पाणी आलं होतं.

खाण्याबद्दल. ब्राटवुर्स्ट हे इथलं खास, पांढरा सॉसेज, वासराच्या मांसाचा, दूध घालून केलेला, जाळीवर भाजून एका हातात सॉसेज आणि दुसऱ्या हातात कडक पाव, त्याला बुर्ली म्हणतात. सेंट गालनमधे याला मोहरीचा सॉस लावत नाहीत, मागू पण नका, लोकांना मनापासून वाईट वाटतं. आमच्यापैकी जे हे खात नाहीत त्यांनी घरून काहीतरी न्यावं, शाकाहारी माणसाला इथं चहा-कॉफी, चिप्स यावरच भागवावं लागतं. बायको एकदा थालीपीठ करून घेऊन आली होती, त्या दिवशी आमच्या रेलिंगवर चार स्विस माणसांनी थालीपीठ खाल्लं आणि त्यातल्या एकाने पुढच्या वेळी घरचा नट केक आणून दिला.

आजोबांबद्दल सांगायचं राहिलं. ऐंशीच्या आसपास असतील, थर्मास घेऊन येतात, कॉर्नर फ्लॅगपासून ठरलेल्या जागी उभे. ऑगस्टमधे मी चुकून त्यांच्या शेजारी उभा राहिलो, नमस्कार झाला, बास. तीन मॅच नुसता नमस्कार. मग एकदा त्यांनी थर्मासचं झाकण भरून चहा पुढं केला. नोव्हेंबरमधे माझी ऑफिसची टूर होती, एक मॅच चुकली, पुढच्या वेळी गेलो तर त्यांनी विचारलं, आजारी होतात का, आम्ही इथं जागा ठेवली होती. म्हणजे रेलिंगवर हात ठेवून दोन फूट जागा धरून ठेवली होती नव्वद मिनिटं. मार्चमधे त्यांनी हात पुढं केला, स्वतःचं पहिलं नाव सांगितलं आणि म्हणाले आता झी नको, डू म्हण. आपल्याकडं अहोजाहो सोडून अरेतुरेवर यायचं तसं, पण इथं ते मोठ्या माणसानेच सुचवायचं असतं आणि लोक कधी कधी वर्षानुवर्षं सुचवत नाहीत. मला अजून त्यांना अरेतुरे करताना जीभ अडखळते, मी मनात आजोबाच म्हणतो.

आता न आवडलेल्या गोष्टी, त्या पण आहेत.

थंडी. शहर जवळपास सातशे मीटर उंचीवर आहे, ऑक्टोबरपासून पाय गारठतात, साधे स्पोर्ट शूज घालून गेलात तर दुसऱ्या हाफमधे बोटं जाणवत नाहीत. जाड तळाचे बूट, दोन मोजे. हिवाळ्याच्या सुट्टीआधीच्या एका शनिवारी बर्फ पडला, मी मुलाला घेऊन गेलो आणि गेट बंद, मॅच रद्द. चूक माझी, सकाळी बघून निघायला पाहिजे होतं. तो रस्ताभर रडला.

हिवाळ्याची सुट्टी. नोव्हेंबरअखेर ते साधारण फेब्रुवारी संपेपर्यंत काही नाही. नेमकं ज्या तीन महिन्यांत माणसाला घराबाहेर पडायला कारण पाहिजे असतं त्याच महिन्यांत कार्ड ड्रॉवरमधे.

मोठ्या क्लबांच्या यू २१, म्हणजे २१ वर्षांखालच्या टीम. या सीझनला लीगमधे बाझल, झुरिक, यंग बॉइज, लुझर्न, लुगानो यांच्या ज्युनिअर टीम खेळल्या. त्या पहिल्या आल्या तरी वर चॅलेंज लीगमधे जाऊ शकत नाहीत. पोरं टॅलेंटेड असतात यात वाद नाही, पुढच्या दोन वर्षांत नॅशनल टीममधे दिसेल असा एखादा दहा फुटांवर बघायला मिळतो. पण त्यांच्याबरोबर पब्लिक येत नाही, समोरच्या बाजूला त्यांचं असं कुणी नसतं, आणि आज खेळलेली टीम पुढच्या वेळी तीच असेल असं नाही. माझ्या मते अठरामधे पाच म्हणजे जास्त आहेत. ज्या गावाची स्वतःची टीम खालच्या लीगमधे वाट बघतेय त्या गावाची जागा अडते.

बाहेरच्या मॅचेस कार्डात येत नाहीत, पण हाफ फेअर कार्ड (निम्म्या भाड्यात ट्रेनने फिरायचं) असेल तर वर्षातून दोन-तीन कराच. ही लीग तीन भाषांत खेळली जाते. बावुआ हे व्हो कँटनमधलं जेमतेम हजार वस्तीचं गाव, तिथं फ्रेंच. पाराडिसो लुगानोला चिकटून, तिथं इटालियन, जाताना ५७ किलोमीटरचा गोटहार्ड बोगदा. मी रापर्सविलला गेलो, फोरआल्पेन एक्सप्रेसने, सेंट गालन सुटल्या सुटल्या सिटर नदीवरचा ९९ मीटर उंच पूल लागतो, मुलगा खिडकीला नाक लावून बसला होता. तिथल्या रापर्सविल-योना टीमनेच यंदा लीग जिंकली आणि वर गेले. त्या दिवशी त्यांचा खेळ बघून कळत होतं, बॉल गेला की चार पावलांत परत घ्यायला सगळे धावायचे.

आणि बील. या सीझनची गोष्ट सांगायची तर ती सांगावीच लागते. आमच्याच लीगमधली टीम, आमच्याच पोरांबरोबर खेळणारी, आणि स्विस कपमधे (यात सगळ्या लीगच्या टीम एकत्र खेळतात) सुपर लीगच्या लुगानोला हरवलं, सेमीफायनलला यंग बॉइजला १-० ने हरवलं आणि परवा १ जूनला बर्नमधे बाझलबरोबर फायनल खेळली. तिसऱ्या डिव्हिजनची टीम कपच्या फायनलला जाण्याची ही पहिलीच वेळ. हा तोच क्लब जो २०१६ मधे दिवाळखोर होऊन पार खालच्या रीजनल लीगमधे गेला होता. फायनल ४-१ हरले. आजोबांच्या घरी टीव्हीवर बघितली, पाच-सहा जण होतो, सगळे ब्रूलचे. बीलचा गोल झाला तेव्हा खोलीत जो आरडाओरडा झाला त्याने शेजारीण खिडकीत आली. आजोबा म्हणाले, हे आपल्यातले आहेत. आपल्यातले म्हणताना त्यांनी हाताने सगळ्यांना धरलं, त्यात मी पण होतो.

तर घ्यावं का? पोरं असतील तर नक्की. माझा मुलगा मॅच अर्धीच बघतो, उरलेला वेळ स्टँडमागे क्लबच्या ज्युनिअर पोरांबरोबर रिकाम्या डब्याने खेळतो, आणि आता सप्टेंबरपासून त्यांच्या प्रॅक्टिसला जाणार आहे. नवीन आलेल्या, एकट्या राहणाऱ्या माणसाने तर आधी घ्यावं, जिमच्या आधी. फक्त नाव मोठं आणि स्कोअरबोर्ड चकाचक पाहिजे असेल तर सुपर लीगचं बघा. पैशाचं म्हणाल तर वरच्या लीगच्या मानाने खूपच कमी, दर वर्षीचा आकडा क्लबकडून बघून घ्या. एकच करा, सतरा मॅच कार्ड घेऊन वेगवेगळ्या ठिकाणी फिरू नका, पहिल्या दिवशी जागा धरा आणि तिथंच उभे राहा.

मी पुढच्या वर्षीचं घेतोय. चॅलेंज लीगमधून शाफहाउझेन खाली आलंय, ते जवळचं गाव, त्यांच्याबरोबर पब्लिक येईल, थोडा आवाज होईल. बाबा सप्टेंबरमधे कोल्हापूरहून येतायत, त्यांच्यासाठी वेगळं तिकीट काढावं लागेल. आजोबांना सांगून ठेवलंय, ते म्हणाले रेलिंगवर अजून दोन फूट सरकतील.