मिनेसोटात हँगर बांधताना: जमीन तापवायची की हवा?

सेस्ना १७२ या छोट्या विमानाच्या पंखांची टोकापासून टोकापर्यंत रुंदी ३६ फूट. एवढं विमान मावेल असा आडोसा, म्हणजे हँगर, अमेरिकेच्या उत्तरेकडच्या थंड मिनेसोटा राज्यात कुणीही उभारून देईल. खरी परीक्षा जानेवारीत होते.

आधी ठरवा, हँगर गरम हवाच का? लायकमिंग या विमानांची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीच्या बहुतेक इंजिनांना उणे १२ अंशांखाली सुरू करण्याआधी ऊब द्या, असं कंपनीच सांगते. तेवढ्यापुरतं थंड हँगर, इंजिनाला लावलेला विजेचा हीटर आणि वरून जाड आवरण पुरतं. महिन्यातून दोनदा उडणाऱ्याने याहून जास्त खर्च करू नये. शिवाय तापलेलं विमान पडत्या बर्फात बाहेर काढलं, की बर्फ पंखांवर वितळतो आणि बिजागऱ्यांत शिरून पुन्हा गोठतो. हा धोका थंड हँगरमध्ये कमी.

पण हिवाळाभर स्वतः दुरुस्ती करणार असाल, तर गरम हँगरला पर्याय नाही. छताला टांगलेला गॅसचा हीटर स्वस्त आणि झटपट. मात्र गरम हवा वर राहते, तुम्ही विमानाच्या पोटाखाली गार फरशीवर आडवे. दार उघडलं की सगळी ऊब बाहेर. काँक्रीटमध्ये नळ्या घालून त्यांत गरम पाणी आणि ते गोठू न देणारं ग्लायकॉल फिरवलं, तर फरशी तापायला वेळ लागतो, पण दार उघडून मिटल्यावरही ती ऊब धरून असते. विमानावरून गळलेलं पाणी लवकर वाळतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचते. म्हणून पाणी तापवणारा बॉयलर, ज्योतीसकट, वेगळ्या खोलीत ठेवता येतो, हेही मला मोलाचं वाटतं.

माझं मत जमिनीच्या बाजूने. पैसे कमी असतील तर बॉयलर नंतर घ्या, पण नळ्या आणि त्यांखालचा, कडेचा ऊब अडवणारा फोम आत्ताच घाला. हीटर कधीही टांगता येतो. ओतलेल्या काँक्रीटखाली नंतर काही घालता येत नाही.

दाराचंही तसंच. मधोमध दुमडून वर जाणाऱ्या दाराला पुढे जागा कमी लागते, पण ते उघडल्यावर उंची थोडी खातं. हायड्रॉलिक एकसंध दार पूर्ण उंची देतं; मात्र ते बाहेर झुलत वर जातं, म्हणून पुढचा बर्फ आधी उपसावा लागतो. त्याचा भार चौकटीवर येतो, तेव्हा बांधकामाचा आराखडा होण्याआधीच दार ठरवा. एका विमानापुरत्या लाकडी हँगरला मी दुमडणारं दार लावेन.

आणि दार उतरत्या छपराच्या बाजूला नको, छपराच्या टोकाच्या त्रिकोणी भिंतीत हवं. आमचं पागोळ्यांखाली होतं. पहिल्याच हिवाळ्यात दाराच्या खालच्या कडेचं रबर बर्फाला असं चिकटलं, की मोटर चालू करताच हातभर पट्टी फाटून उंबऱ्यालाच राहिली.

माती गोठते त्याखाली जावं म्हणून पाया राज्याच्या उत्तर भागात ६० इंच, दक्षिणेत ४२ इंच खोल घ्यावा लागतो, त्यामुळे भिंती हलत नाहीत. दारापुढचा काँक्रीटचा ओटा मात्र गोठत्या मातीबरोबर उचलला जातो आणि दार अडतं. ओट्याखालीही फोम घाला, त्याला बाहेरच्या बाजूला उतार द्या.