लाइफ कोचिंग, सहा महिन्यांनंतर: सेशन एक वेळ ठीक, पावतीचं काय?

उरलेल्या सेशन्सचे पैसे परत मागायला पावती काढली आणि डोकंच फिरलं. पॅकेजचे ३६,००० अधिक १८ टक्के जीएसटी, असे ४२,४८० भरलेत. पावतीवर टॅक्सची रक्कम आहे, जीएसटी नंबर मात्र कुठेच नाही. हा नंबर १५ अक्षरी असतो, सरकारी पोर्टलवर कुणालाही तपासता येतो. नोंदणी नसेल तर गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेताच येत नाही. नंबर मागितला तर कोच मॅडमच्या असिस्टंटचं उत्तर: ‘सर, तुम्ही अजून स्कॅरसिटी माइंडसेटमध्ये आहात.’ म्हणजे, सगळं कमीच पडेल या भीतीत. माझ्या ६,४८० रुपयांचा हिशेब मागायचा नाही का मी?

सेशनबद्दल मात्र मत मध्येच बदललं होतं. सुरुवातीचं ते ‘व्हील ऑफ लाइफ’, गोल काढून आयुष्याच्या प्रत्येक भागाला दहापैकी मार्क देणं, टाइमपास वाटलं. मग नाशिकच्या बदलीचा विषय निघाला. घरात त्यावर तेच तेच बोलून झालं होतं. कोचने सल्ला दिला नाही. विचारलं, ‘नको म्हणालात तर ते कुणाला सांगणं सगळ्यात जड जाईल?’ माझ्या तोंडून साहेबांच्या आधी अण्णांचं नाव निघालं. अडलंय कुठे ते तिथे कळलं. त्याच रात्री अण्णांशी बोललो, आठवड्यात नकार कळवून मोकळा झालो. घरातलं कुणी हे विचारलं नसतं; प्रत्येकाला आपापल्या सोयीचं उत्तर हवं होतं. त्या तासाचे पैसे वसूल.

पुढे तासाची चाळीस मिनिटं झाली, आणि त्यातही ‘आता तुम्हीच कोच व्हा’चा आग्रह. दोन वीकेंडांत सर्टिफिकेट! कोचना सर्टिफिकेट देणाऱ्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या पहिल्या पायरीला, एसीसीला, किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा अनुभव लागतो. आपल्याकडे लाइफ कोचची पाटी लावायला परवानाच लागत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला मात्र आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नोंदणी लागते. झोप उडालीय म्हणालो तर मला रोज सकाळी अ‍ॅफर्मेशन, म्हणजे स्वतःला धीर देणारी वाक्यं, यायला लागली. तिथे डॉक्टरकडे जा म्हणायला हवं होतं. टेली-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीतही बोलतात.

पैसे अजून आलेले नाहीत. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवलीय. पुन्हा कोच घेईन, पण पॅकेज नाही. एकेका सेशनचे पैसे, आणि नंबर असलेलं बिल हातात.