नर्व्ह वाढवणारे थेंब म्हणून आमचे १८,५०० गेले, आणि पाच महिने पण

हे लिहायला जड जातंय, पण नाशिकला गंगापूर रोडवर परत प्रदर्शनं लागायला लागलीत म्हणून लिहितेय.

माझा मुलगा तेव्हा पावणेतीन वर्षांचा, आई-बाबा सोडून शब्द नाही. सासूबाई म्हणायच्या, मुलगे उशिराच बोलतात, पण मला रात्र रात्र झोप लागायची नाही. अशात प्रदर्शनातल्या एका स्टॉलवर पांढरा कोट घातलेला माणूस भेटला. त्याने लॅमिनेट केलेला फोटो दाखवला, काळ्या पार्श्वभूमीवर हिरव्या चमकणाऱ्या पेशी, एका बाजूला गोल गोल नुसत्या आणि दुसरीकडे त्यांनाच लांब लांब धागे फुटलेले. म्हणे ताई हे बघा, ब्राह्मी, अश्वगंधा आणि हळदीतलं कर्क्युमिन दिल्यावर नर्व्ह अशी वाढते, यावर १९८६ ला नोबेल मिळालंय. सहा महिन्यांचा कोर्स, १८,५००, पैसे लगेच फोनवरून. ह्यांनी एकदा म्हटलं पण, आधी डॉक्टरांना विचारू, मीच ऐकलं नाही.

पाच महिने रोज सकाळी उपाशीपोटी थेंब दिले, पोरगं तोंड फिरवायचं तरी दिले.

शेवटी कॉलेज रोडच्या एका बालरोगतज्ज्ञ मॅडमकडे गेलो, सोबत तो फोटोही नेला. त्या चिडल्या नाहीत, बसवून नीट समजावलं. असले फोटो बऱ्याचदा पीसी-१२ नावाच्या पेशींचे असतात, त्या उंदराच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या गाठीतून १९७६ मध्ये काढलेल्या, आणि प्रयोगशाळेतल्या बशीत त्यांच्यावर थेट रसायन ओततात. ते संशोधन खोटं नाही, पण पोटातून गेलेलं कर्क्युमिन रक्तात जेमतेम पोचतं, बरंचसं आतडं आणि लिव्हरच संपवतात, मेंदूपर्यंत जाणं तर फारच लांब. आणि नोबेल मिळालं ते रिटा लेव्ही-मोंटालचिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना, शरीरात स्वतःच तयार होणाऱ्या ग्रोथ फॅक्टरच्या, म्हणजे पेशींची वाढ घडवणाऱ्या प्रोटीनच्या शोधासाठी, कुठल्या झाडपाल्यासाठी नाही. म्हणजे त्या स्टॉलवाल्याने खरी गोष्ट घेतली आणि भलत्याच बाटलीला चिकटवली.

मग त्यांनी विचारलं, कानाची तपासणी केली का? आम्ही केलीच नव्हती. दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साचलेलं निघालं. त्याला आमचं बोलणं नीट ऐकूच येत नव्हतं, आणि मी त्याच्या मेंदूचे धागे वाढायची वाट बघत बसले होते.

स्टॉलवाल्याचा नंबर तोवर बंद. बाटलीवर ना उत्पादन परवाना नंबर, ना कंपनीचा पत्ता, खरं तर आयुर्वेदिक औषधावरही हे छापावंच लागतं. मेंदूचे विकार बरे करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे हेही तेव्हाच कळलं. उरलेली एक बाटली आणि पेमेंटचा स्क्रीनशॉट जोडून एफडीएकडे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे, तक्रार दिलीय.

आता स्पीच थेरपी चालू आहे. कानाची ट्रीटमेंट झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात कुकर वाजला आणि तो दचकून माझ्याकडे बघायला लागला, पहिल्यांदाच.

तो हिरव्या धाग्यांचा फोटो कुणी दाखवला तर आधी पोराचे कान तपासा बायांनो.