सातव्या पायरीवरचं भूत: एका चालू भय-प्रेम मालिकेच्या तिसऱ्या भागासोबत काही महिने

पावसाळ्याच्या तोंडावर ही लघुकादंबरी ई-रीडरवर घेतली. आता थंडी पडायला लागली तरी ती काढून टाकायचं मनात येत नाही. आधी सलग वाचली, मग अधूनमधून उघडत राहिले, आणि अलीकडे तर फक्त जिन्यावरची प्रकरणं वाचते. कथानक मोकळेपणानं सांगायचंय, म्हणून मालिकेचं नाव मुद्दाम देत नाही. मालिका इंग्रजी आहे, अजून चालू आहे, आणि हा तिचा तिसरा भाग.

गाव यॉर्कशरमधलं, नदीकाठचं, काल्पनिक. नायिका जुन्या कागदपत्रांची डागडुजी करते. ती एका पडीक छापखान्याच्या वरचा मजला भाड्यानं घेते. शंभरेक वर्षांपूर्वी पुराच्या रात्री या छापखान्यातला जुळारी, म्हणजे अक्षरं जुळवणारा कामगार, खिळ्यांच्या (छपाईच्या शिशाच्या अक्षरांच्या) पेट्या वर हलवता हलवता जिन्यात अडकला आणि बुडाला. पाणी सातव्या पायरीपर्यंत आलं होतं. म्हणून तोही सातव्या पायरीपर्यंतच येऊ शकतो. खालचा मजला त्याचा, वरचा तिचा. मात्र नदी पुन्हा घरात शिरली, तर पाणी जिथवर चढेल तिथवर त्याला येता येतं. अख्ख्या पुस्तकात भुताचे नियम एवढेच, आणि ते कुठेही मोडलेले नाहीत.

हे पुस्तक मला इतकं का धरून बसलंय, त्याचं उत्तर या नियमात आहे. या प्रकारातल्या बऱ्याच कथांमध्ये भीती एका खोलीत असते आणि प्रेम दुसऱ्या. दोन पानं दारं आपटतात, मग चार पानं हळवं बोलणं. इथे दोन्ही एकाच पाण्यातून येतात. तिला तो जवळ यायला हवा असेल, तर नदी चढायला हवी. आणि नदी चढली की गाव बुडणार. प्रेमात पडलेली बाई पुराची वाट बघायला लागते आणि हे तिचं तिलाच कळतं, ते प्रकरण मी रात्री वाचलं आणि नंतर बराच वेळ झोप लागली नाही.

कोल्हापुरात हे पुस्तक जुलैमध्ये वाचणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट धोका पातळी, हे आकडे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की दर तासाला मोबाईलवर फूट आणि इंच येत राहतात. माझी आत्या शाहूपुरीत कुंभार गल्लीत राहते. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये, दोन्ही वेळा घर सोडावं लागलं. भिंतीला नवा रंग दिलाय, तरी कपाटामागे पुराची रेघ तशीच आहे. मी तिला ही गोष्ट सांगितली. ती उठली, कपाटाशेजारी भिंतीवर तळवा ठेवून म्हणाली, "हितवर आलतं. म्हंजे तुझं ते भूत आमच्याकडं आलं तर देव्हाऱ्यापतोर यील." हे ती हसत म्हणत नव्हती. लेखिकेनं पुराची खूण भुताची मर्यादा म्हणून वापरली आहे, ती किती खरी आहे ते मला तिथे उभं राहून कळलं. यॉर्क शहरातही ऊझ नदीकाठच्या एका जुन्या पबमध्ये मागच्या पुरांच्या पातळ्या दाराजवळ नोंदवून ठेवल्या आहेत. काठावरची माणसं सगळीकडे पाणी असंच लक्षात ठेवतात.

आता जिन्यावरचा तो प्रसंग. ती चहाचा कप घेऊन आठव्या पायरीवर बसते. तो सातव्यावर. त्याच्या बाहीतून पाणी ठिबकत असतं, सातव्या पायरीचं लाकूड काळं पडत जातं, पण ओल आठवीला टेकते तिथे पट्टी लावून आखल्यासारखी थांबते. बोलता येत नाही, कारण त्याच्या तोंडात पाणी आहे. मग ती आपल्या कामाचा टिपकागद खाली सरकवते. थोड्या वेळानं त्यावर ओलसर अक्षरं उमटतात, ती उलटी असतात. जुळाऱ्याला खिळे उलटेच वाचायची सवय. ती कागद आरशासमोर धरते आणि वाचते: वरच्या खिडकीतून नदी दिसते का?

पहिल्यांदा वाचताना मला हा प्रश्न फार गोड वाटला होता. बिचाऱ्याला शंभर वर्षांत नदी दिसलेली नाही, असं वाटलं. पूर्ण पुस्तक वाचून झाल्यावर पुन्हा इथे आले, तेव्हा अंगावर काटा आला. तो नदी किती चढली आहे ते विचारतोय. हीच ओळ आधी प्रेमाची आणि मग भीतीची होते, आणि मधे लेखिकेनं एक शब्दही बदललेला नाही. पुन्हा वाचायला घ्यावं असं पुस्तक असेल तर ते यासाठी.

आणखी एक गोष्ट मला मनापासून पटली. अदृश्य प्रियकर झोपलेल्या मुलीला रात्रभर न्याहाळतो, हा या प्रकारातला नेहमीचा प्रसंग, आणि तो प्रेम म्हणून खपवला जातो. मला तो कधीच सहन झालेला नाही. इथे ते घडूच शकत नाही, कारण झोपायची खोली वर आहे. भेटायचं असेल तर तिनं उठून खाली यायचं. नको असेल त्या रात्री ती येत नाही, आणि तो ओल्या पायरीवर थांबतो. पूर येतो तेव्हा हीच मर्यादा सुटते. पाणी दहाव्या पायरीला लागतं, तो तिच्या दाराबाहेर उभा असतो आणि कडी आतून लावलेली असते. तीन पानं फक्त ती कडी. यापेक्षा चांगली भयकथा मी अलीकडे वाचलेली नाही.

करवीर नगर वाचन मंदिरातून धारप आणि मतकरी आणून वाचत मी वाढले. भूत म्हटलं की त्याला वेस असते, वेळ असते, हे आपल्या हाडात भिनलेलं असतं. बुडून मेलेल्याचा गिऱ्हा होतो आणि तो पाण्याजवळच राहतो, हे आजीकडूनच ऐकलेलं. त्यामुळे हा परदेशी जुळारी मला अजिबात परका वाटला नाही. आणि भय-प्रेमाच्या गोष्टी हप्त्याहप्त्यानं वाचायची पद्धतही जुनीच: शेरिडन ल फानूची 'कार्मिला' 1871-72 मध्ये मासिकातून क्रमशः आली, म्हणजे 'ड्रॅक्युला'च्या पंचवीस वर्षं आधी. तीही लघुकादंबरीच. विज्ञानकथा-अद्भुतकथांच्या नेब्युला पुरस्कारात लघुकादंबरीसाठी 17,500 ते 40,000 शब्दांची चौकट आहे. एक घर, एक जिना आणि दोन माणसं यांना तेवढी जागा नेमकी पुरते. हीच गोष्ट चारशे पानी असती तर सातवी पायरी केव्हाच विसरली गेली असती.

तक्रारी आहेत. पहिला भाग वाचला नसेल तर नायिकेच्या बहिणीचे फोन नुसते अडथळे वाटतात. दुसरा भाग वगळला तरी चालतं, तो मला कच्चा वाटला. मधे बाजारातली दोन प्रकरणं रेंगाळतात. पण माझा खरा राग शेवटच्या प्रकरणावर आहे. पूर ऐन भरात, कडीवर तिचा हात, आणि तिथे अचानक भुतं उतरवणारा एक तरुण होडीतून येतो. त्याला आधी कुठे चाहूल नाही, कारण नाही. पुढच्या भागाला नायक हवा म्हणून तो आणून बसवलाय, हे उघड दिसतं. मालिका चालवायची तर धागा सुटा ठेवावा लागतो, हे मान्य. पण धागा जिन्यावर आधीच होता, तो पुरला असता. मी आता ते प्रकरण उघडत नाही, कडीवरच्या हातापाशी थांबते.

ज्यांना रक्त, किंकाळ्या हव्यात त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. शृंगार आहे, पण तो बोटं आणि ओल्या कागदापुरताच. इंग्रजी सोपं आहे, छपाईच्या कामातले शब्द तेवढे शब्दकोशात बघावे लागले. पहिला भाग वाचून थेट तिसऱ्यावर आलात तरी चालेल.

चौथ्या भागात होडीतल्या पोराचं काय व्हायचं ते होवो. मला पाणी ओसरल्यानंतरचं ते घर वाचायचंय, पायऱ्यांवर गाळ आणि दारं फुगलेली. नियमाप्रमाणे जुळारी परत सातव्या पायरीवर गेला पाहिजे, कारण दहाव्यापर्यंतचं पाणी त्याच्या मरणाचं नव्हतं. प्रेमाच्या नावाखाली लेखिकेनं त्याला वर ठेवून घेतलं, तर पाचवा भाग मी घेणार नाही.