लिनक्स लॅपटॉपवरचा आवाज: उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत

उन्हाळ्यात जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घातलं, आता दिवाळी आली. एरवी तक्रार नाही. चटकन सुरू होतो, मराठी टायपिंगही नीट चालतं. हा अनुभव फक्त आवाजाचा, कारण आमच्याकडे त्याचं मुख्य काम तेच. आत्या वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या घरून बाहेरगावच्या मुलांना गाणं शिकवते. तानपुरा लॅपटॉपवर आणि शिकवणी व्हिडिओ कॉलवर.

लक्षण असं: झाकण मिटून उघडलं की कधीकधी आवाज गायब. सेटिंगमध्ये स्पीकरऐवजी 'डमी आउटपुट'. म्हणजे खरं साउंड कार्ड सापडलं नाही म्हणून सिस्टिमने खोटं उभं केलेलं. ॲपला त्याचा पत्ता नसतो. तानपुरा मुकाट्याने वाजत राहतो.

यावर जो तो सांगतो, 'पाइपवायर रीस्टार्ट कर.' पाइपवायर हा ॲप आणि साउंड कार्ड यांच्यामधला दलाल. फेडोरा ३४ (२०२१) आणि उबंटू २२.१० (२०२२) या लिनक्सच्या आवृत्त्यांनी पल्सऑडिओ या जुन्या दलालाच्या जागी त्याला बसवलं. सल्ला चूक नाही, अर्धा आहे. आमच्याकडे तो एक दिवस लागू पडे, दुसऱ्या दिवशी नाही. कारण आजार दोन होते.

आधी टर्मिनलमध्ये 'एप्ले' (aplay -l) कमांडने कार्डांची यादी बघा. यादीत कार्ड असेल तर बहुतेक दलालच अडकलाय. पाइपवायर, पाइपवायर-पल्स (पल्सऑडिओसाठी लिहिलेल्या ॲपना सांभाळणारा) आणि वायरप्लंबर (कुठलं कार्ड कसं वापरायचं ते ठरवणारा) या तिन्ही सेवा आपल्या युजरखाली रीस्टार्ट केल्या की काम होतं, लॅपटॉप बंद करावा लागत नाही. कार्ड यादीतच नसेल, किंवा असूनही हूं की चूं नसेल, तर कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग उघडा. आमच्याकडे तिथे साउंड चिपचा डीएसपी (आवाजावर प्रक्रिया करणारा प्रोसेसर) कोसळल्याची नोंद होती. अशा वेळी वरच्या सेवा कितीही रीस्टार्ट करा, उपयोग शून्य.

मग कर्नलला 'डीएसपी ड्रायव्हर १' हा पर्याय देऊन डीएसपी न वापरणारा जुना एचडीए ड्रायव्हर लावला. कोसळणं थांबलं, पण आतला माइकही गेला. या लॅपटॉपात तो डीएसपीलाच जोडलेला आहे. गाणं शिकवणारीला माइक नाही, म्हणजे झालंच! बदल मागे घेतला आणि साधा यूएसबी साउंड डाँगल, म्हणजे बाहेरून लावायचं छोटं साउंड कार्ड, आणला. त्याची चिप स्वतःची, आतल्या डीएसपीशी संबंध नाही. इतक्या खटपटीतला सगळ्यात स्वस्त आणि पक्का उपाय हाच निघाला.

आतल्या स्पीकरवर आणखी एक खोड. आत्या समजावून सांगून ठेका लावायची, तर पहिला 'धा' गिळलेला आणि वर 'टक्'. आवाज नसला की वायरप्लंबर ५ सेकंदांत कार्डाला झोपवतो आणि चिपची वीजबचत वेगळीच. दोन्हींची वेळ शून्यावर आणून, म्हणजे झोपवणं बंद केल्यावर, धा परत आला. बॅटरी थोडी जास्त जाते, पण वर्गाच्या वेळी चार्जर लावलेलाच असतो. एक मात्र बघा: वायरप्लंबर ०.५ पासून लुआ भाषेतल्या जुन्या सेटिंग फाइली चालत नाहीत. जुनी कृती उतरवून घेतलीत तर काहीच बदलणार नाही.

मध्यंतरी नवीन कर्नल आलं, तेव्हापासून आतलं कार्ड क्वचितच कोसळतं. नवरात्रात वर्ग बंदच होते. बाहेरच्या गरब्यापुढे लॅपटॉप बोलला काय, न बोलला काय. आता सिनेमा आतल्या स्पीकरवर बघतो, वर्ग डाँगलवर चालतो, आणि आत्या तो कुणाला काढू देत नाही.