सर्व्हर मधूनच बसतोय: आधी नोंदी, आधी रॅम, की सरळ दोन मशीन?

वेबसाइट आणि डेटाबेस एकाच मशीनवर, मशीन ऑफिसातल्या कपाटाशेजारी, आणि महिन्यातून दोन-तीनदा सगळं ठप्प. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकविक्रेत्यापासून भोसरीतल्या वर्कशॉपपर्यंत पुण्यात असे सेटअप ढिगाने सापडतील. मालकाला सल्ले मिळतात ते साधारण तीन. डेव्हलपर म्हणतो लॉग (मशीनने आपोआप लिहिलेल्या नोंदी) बघू, हार्डवेअरवाला म्हणतो रॅम बदला, होस्टिंगवाला म्हणतो डेटाबेस वेगळा करा. तिन्ही उपाय खरे आहेत, पण तिघांचे आजार वेगवेगळे. त्यामुळे पैसे काढण्याआधी एवढं ठरवा: बसतं ते अख्खं मशीन, की नुसता मायएसक्यूएल, म्हणजे डेटाबेस चालवणारा प्रोग्रॅम?

हे फुकटात कळतं. लिनक्सवर 'लास्ट' कमांड 'एक्स' पर्याय लावून चालवली की रीबूट आणि शटडाउन दोन्हींच्या नोंदी दिसतात. रीबूट आहे पण त्याच्या आधी शटडाउन नाही, म्हणजे मशीनच गेलं. त्या वेळेला रीबूटची नोंदच नसेल, तर मशीन शाबूत होतं, आतला प्रोसेस, म्हणजे एखादा चालू प्रोग्रॅम, मेला.

प्रोसेस मेला असेल तर पहिला सल्ला घ्या, बाकीचे दोन सध्या बाजूला ठेवा. अशा मशीनवर नेहमीचा संशयित म्हणजे मेमरी संपणं. हिशोब करून बघा. रॅम १६ जीबी. इनोडीबी बफर पूलला (मायएसक्यूएल रॅममध्ये डेटा ठेवतो त्या जागेला) दिलेत ८ जीबी. वेबसाइट दाखवणारा अपाची जुन्या प्रीफोर्क पद्धतीने (एका विनंतीला एक प्रोसेस) चालतोय, पान बनवणाऱ्या पीएचपीसकट एकेक प्रोसेस ८० एमबी खातोय. एरवी असे तीसेक प्रोसेस असतात, म्हणजे अडीच जीबीच्या आत; मशीन निवांत. पण जूनमध्ये शाळा उघडल्या, पाठ्यपुस्तकांच्या ऑर्डरी एकदम आल्या आणि प्रोसेस १५० झाले, की १२ जीबी तिकडेच गेले. ८ आणि १२ मिळून २०. प्रीफोर्कची मूळ मर्यादा तर २५६ आहे, त्यामुळे १५० वर त्याला कोणी अडवतही नाही. मग कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपली की प्रोसेस मारणारा भाग, जागा होतो आणि सगळ्यात जास्त मेमरी धरून बसलेल्याला मारतो. तो बहुतेक वेळा मायएसक्यूएल असतो. गर्दी केली अपाचीने, मेला डेटाबेस: चोर सोडून संन्याशाला फाशी.

मायएसक्यूएलच्या लॉगमध्ये याचा मागमूस नसतो, कारण सिग्नल ९ (तत्काळ मरण्याचा हुकूम) आल्यावर शेवटची ओळ लिहायलाही सवड मिळत नाही. तिथे थेट पुढच्या स्टार्टची आणि क्रॅश रिकव्हरीची नोंद दिसते. पुरावा कर्नलच्या लॉगमध्ये असतो: 'आउट ऑफ मेमरी', पुढे मारलेल्या प्रोसेसचं नाव. उलट मायएसक्यूएलच्या स्वतःच्या लॉगमध्ये सिग्नल ११ (मेमरीत चुकीच्या जागी हात घातल्याची खूण) आणि खाली स्टॅक ट्रेस (पडताना आत काय चालू होतं त्याची यादी) असेल, तर प्रकरण वेगळं. दरवेळी त्याच क्वेरीवर (डेटाबेसला केलेल्या विचारणेवर) पडत असेल तर आवृत्तीतला बग शोधा. आज मायएसक्यूएल, उद्या पीएचपी, परवा तिसरंच काही सिग्नल ११ ने पडत असेल, तर रॅमवर संशय घ्यायला हरकत नाही.

नोंदी ठेवायला खर्च जवळजवळ नाही. एटॉप हा मशीनच्या वापराची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम बसवा. तो मूळ सेटिंगमध्ये दर दहा मिनिटांनी नोंद घेतो, ते अंतर एक मिनिटावर आणा. दहा मिनिटांत मेमरी भरून, प्रोसेस मरून, सगळं शांतही होऊन जातं. जर्नल (सिस्टिमचा लॉग) रीबूटनंतर टिकतंय ना, तेही तपासा. आणि सिस्टिमडी (सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्रॅम) मेलेली सर्व्हिस आपोआप उठवत असेल, तर ती किती वेळा उठवली हेही बघा. सोय चांगली आहे, पण तिच्यामुळे दुखणं महिनोन्‌महिने झाकून राहतं.

आता अख्खं मशीनच जात असेल तर. लॉग मध्येच तुटलेला, शेवटच्या ओळीत तक्रारीचा शब्द नाही. इथे लॉग वाचत बसण्यात अर्थ नाही. हार्डवेअरवाल्याला बोलवा, पण रॅमवर उडी मारू देऊ नका. आधी पडल्याच्या वेळा एका कागदावर मांडा. एप्रिल-मेच्या दुपारी पडत असेल तर पंखे आणि धूळ बघा. गुरुवारी पडत असेल तर महावितरणची देखभाल आणि तुमच्या यूपीएसची म्हातारी बॅटरी यांचं काही जमतंय का ते बघा. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) दमला असेल तर मेमटेस्ट (रॅमची तपासणी) रात्रभर चालवूनही काही सांगेल याची खात्री नाही. तो बदलूनच बघावा लागतो. मेमटेस्टची खरी किंमत म्हणजे तेवढे तास साइट बंद. रॅमच्या दोन पट्ट्या असतील आणि एकीवर भागत असेल, तर आठवडाभर एक, आठवडाभर दुसरी, हा मला जास्त परवडणारा मार्ग वाटतो. ईसीसी (स्वतःच्या चुका ओळखणारी) रॅम असेल तर रासडीमन हा प्रोग्रॅम चालू मशीनवरच चुका टिपतो, काहीच बंद करावं लागत नाही.

कर्नल पॅनिकसाठी, म्हणजे कर्नलच कोसळतो तेव्हासाठी, मेमरीची प्रत साठवणारा केडंप आहे, पण त्याने साठवलेली फाइल वाचणारा माणूस छोट्या ऑफिसात कुठून आणणार? त्यापेक्षा नेटकन्सोल लावा. कर्नलच्या शेवटच्या ओळी शेजारच्या पीसीवर पोचण्याची बरीच शक्यता असते.

राहिला तिसरा सल्ला. डेटाबेस वेगळ्या मशीनवर नेला की अपाचीची गर्दी त्याच्या जिवावर उठत नाही, आणि कोण पडतंय हेही उघड होतं. पण देखभाल दुप्पट. शिवाय एका पानाला २०० क्वेरी लागत असतील आणि नेटवर्कवर एकीला अर्धा मिलिसेकंद जास्त जात असेल, तर पान १०० मिलिसेकंदांनी उशिरा उघडेल. हे दोन्ही मशीन शेजारी असताना. वेब ऑफिसात आणि डेटाबेस मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये, हे तर करूच नका. मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडचं सेंट्रल इंडिया केंद्र पुण्यातच असलं तरी हलवायचं तर दोन्ही एकत्र हलवा. आणि मूळ दोष एसएमपीएसमध्ये असेल, तर जुन्या मशीनवर जे मागे ठेवाल ते पडतच राहील.

माझं मत विचाराल तर वेगळं करण्याआधी अपाचीची मर्यादा ७० वर आणा. वरच्या हिशोबात ७० प्रोसेस म्हणजे साडेपाच जीबी. बफर पूलसकट साडेतेरा, बाकी सिस्टिमला. गर्दीत काही ग्राहकांना रांगेत थांबावं लागेल, पण डेटाबेस जिवंत राहील. ती रांग रोजचीच होऊ लागली, तर दुसऱ्या मशीनचं कोटेशन मागवा.